सांगितल्याने औषधाचा गुण जातो काय?

(वनौषधींचे लोकज्ञान, पेटंट आणि खुले सहकार्य या विषयावर मयूर विहार, दिल्ली येथे मराठी भाषिक कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत एक समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. झाडपाल्याचे औषध देणारा माणूस पाला वाटून देतो, मुळी उगाळून देतो, परंतु ती कोणत्या झाडाची हे सांगत नाही. फार आग्रह केला तर एवढेच म्हणतो, की औषध सांगितले म्हणजे त्याचा गुण जातो. शिकलेली माणसे या समजुतीला हसतात. पण तिला नुसती अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारता येणार नाही. दारोदार फिरणाऱ्या वैदू बाईला दोन वेळचे पीठ मिळते, ते झोळीत मुळी आहे एवढ्यामुळे मिळत नाही. त्या मुळीची ओळख तिला आहे आणि गिऱ्हाइकाला नाही, म्हणून ते मिळते. ज्याच्याकडे जमीन नाही, नोकरी नाही, पदवी नाही, त्याच्यापाशी ही ओळख हेच एक उत्पादनाचे साधन उरते. ते तो उघड्यावर का मांडील? औषध सांगितल्याने औषधाचा गुण जात नसेलही. पण सांगणाराच्या तोंडचा घास जाण्याचा संभव असतो. वनौषधींचे ज्ञान सर्वांसाठी खुले असावे असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने आधी या भीतीला उत्तर दिले पाहिजे.

हा विषय मयूर विहारात मांडण्याला एक औचित्य आहे. यमुनेच्या पूर्व तीरावरील या वसाहतीत मध्यमवर्गीयांच्या सदनिका आहेत. तिला लागूनच त्रिलोकपुरी आहे. आणीबाणीच्या काळात दिल्लीच्या इतर भागांतून हलविलेल्या गरीब कुटुंबांची ती पुनर्वसन वसाहत. नदीच्या बाजूला चिल्ला खादरची भाजीपाल्याची शेती आहे. २०२० आणि २०२१ या करोनाच्या वर्षांत देशभर घरोघर गुळवेलीचा काढा उकळत होता, तसा तो येथेही उकळत होता. येथून निघणारी मेट्रो गाडी न बदलता करोल बागेला जाते, आणि करोल बागेत तिब्बिया कॉलेज आहे. भारतीय वनौषधींच्या आधुनिक इतिहासातील एक मोठे प्रकरण तेथे सुरू झाले. तेथूनच सुरुवात करणे योग्य होईल.

करोल बाग ते बाझेल

हकीम अजमल खान यांच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या आयुर्वेदिक आणि युनानी तिब्बिया कॉलेजचे उद्‌घाटन महात्मा गांधींच्या हस्ते फेब्रुवारी १९२१ मध्ये झाले. प्राचीन वैद्यकाला आधुनिक रसायनशास्त्राची जोड मिळाली पाहिजे, असा हकीमसाहेबांचा आग्रह होता. त्यांनी निवडलेले तरुण रसायनशास्त्रज्ञ सलीमुज्जमाँ सिद्दीकी यांनी तेथील संशोधनशाळेत सर्पगंधेच्या मुळीतून एक अल्कधर्मी द्रव्य वेगळे केले आणि त्याला अजमल खानांचे नाव दिले: अजमलिन. हे १९३१ साल. त्याच वर्षी बंगालमध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद आणि रक्तदाब या विकारांत ही मुळी उपयोगी पडत असल्याचे छापील लेखाद्वारे मांडले. ही माहिती त्यांना आकाशातून मिळाली नव्हती. बिहार आणि संयुक्त प्रांताच्या खेड्यांत वेड लागलेल्या माणसाला हीच मुळी दिली जात असे आणि तिला ‘पागल बूटी’ असेच नाव होते.

पुढचा टप्पा मुंबईचा. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील अनुभव १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला. तो निबंध जगभर वाचला गेला. तीन वर्षांत, १९५२ मध्ये, स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्याच मुळीतून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे केले आणि लौकरच ते कंपनीच्या नाममुद्रेने बाजारात आले. रक्तदाबावरील आधुनिक उपचारांचा आरंभ ज्या औषधांनी झाला त्यांपैकी ते एक. डॉ. वकिलांना १९५७ मध्ये अमेरिकेतील लास्कर पुरस्कार मिळाला. या मुळीची मागणी मात्र इतकी वाढली की रानातील सर्पगंधा ओरबाडली गेली, आणि १९९० पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत.

या प्रकरणातून दोन परस्परविरोधी गोष्टी एकदम सिद्ध होतात. खेड्यातील माहिती, करोल बागेतील रसायन, कलकत्त्यातील निरीक्षण आणि मुंबईतील चाचणी ही सर्व एकमेकांसमोर खुली झाली नसती, तर रक्तदाबाने मरणाऱ्या लक्षावधी माणसांना तो उपाय मिळाला नसता. औषध सांगितल्याने त्याचा गुण गेला नाही. उलट तो जगाला कळला. ही एक बाजू. दुसरी बाजू अशी की या साखळीतील प्रत्येक शास्त्रज्ञाचे नाव इतिहासात आहे, कंपनीचा नफा तिच्या ताळेबंदात आहे. परंतु पहिली मुळी ज्याने ओळखली त्याचे नाव कोठेही नाही, आणि त्याच्या रानातील झाडही गेले. ज्ञान खुले झाले, पण त्याच्या फळाचे वाटप जुन्याच मालकी संबंधांप्रमाणे झाले. खुलेपणाचा प्रश्न समाजव्यवस्थेच्या प्रश्नापासून तोडून पाहता येत नाही, तो यासाठी.

हळद आणि कडुनिंब

१९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली आणि तिच्याबरोबर पेटंटचे नवे जागतिक नियम आले. त्याच वर्षी मार्च महिन्यात अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीचे पेटंट दिले. शोध काय, तर हळदीची पूड लावल्याने जखम भरून येते! ज्या देशात पोर पडले-झडले की आई चुलीजवळच्या डब्यातली हळद दाबून धरते, त्या देशात ही बातमी ऐकून लोक प्रथम हसले आणि मग संतापले.

दिल्लीतील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने या पेटंटाला आव्हान दिले. परिषदेचे महासंचालक त्या वेळी गोव्यातील माशेल गावी जन्मलेले डॉ. रघुनाथ माशेलकर होते. येथे कायद्यातील मेख समजून घेतली पाहिजे. त्या वेळच्या अमेरिकन कायद्यानुसार एखादी गोष्ट अमेरिकेबाहेर केवळ वापरात आहे, एवढ्याने ती जुनी ठरत नसे. परदेशातील पुरावा छापील असावा लागे. म्हणजे कोट्यवधी आयांचा हात हा पुरावा नव्हता, कागद हा पुरावा होता. परिषदेने संस्कृत, हिंदी, उर्दू आणि इंग्रजीतील ३२ संदर्भ सादर केले आणि ऑगस्ट १९९७ मध्ये त्या पेटंटातील दावे फेटाळले गेले. अमेरिकेने हा नियम पुढे २०११ च्या कायद्याने बदलला आणि तो बदल २०१३ मध्ये अमलात आला.

कडुनिंबाची लढाई याहून लांबली. डब्ल्यू. आर. ग्रेस ही कंपनी आणि अमेरिकेचे कृषिखाते यांना निंबोळीच्या तेलाने बुरशी आटोक्यात ठेवण्याच्या पद्धतीचे पेटंट युरोपच्या पेटंट कार्यालयाने १९९४ मध्ये दिले. वंदना शिवा, युरोपीय संसदेतील हरित गटाच्या माग्दा आल्व्हूट आणि सेंद्रिय शेतीची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी त्याला हरकत घेतली. या सुनावणीत पुरावा महाराष्ट्रातून गेला. अभय फडके या मराठी उद्योजकांनी १९८५ आणि १९८६ च्या उन्हाळ्यांत पुणे आणि सांगली जिल्ह्यांतील शेतांवर निंबोळीच्या अर्काचा वापर झाल्याची साक्ष दिली. मे २००० मध्ये ते पेटंट रद्द झाले. मार्च २००५ मध्ये कंपनीचे अपीलही फेटाळले गेले. हरकतीपासून निकालापर्यंत दहा वर्षे गेली.

या दोन्ही विजयांचे मोल कमी लेखू नये. परंतु त्यांतून निघणारा धडा कडू आहे. जे लिहिलेले आहे, तारखेसह सिद्ध करता येते आणि म्युनिक-वॉशिंग्टनपर्यंत नेता येते, तेच वाचते. गुप्तता हे संरक्षण मानणाऱ्या वैदूच्या समजुतीला या काळाने दिलेले उत्तर असे, की गुप्त ज्ञान चोरले गेले तर चोरी सिद्धही करता येत नाही. उघडपणे नोंदलेले ज्ञान मात्र दुसऱ्या कोणाला आपला शोध म्हणून मिरविता येत नाही.

ग्रंथालय कोणत्या भाषेत?

या धड्यातून २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचे डिजिटल ग्रंथालय उभे राहू लागले. आयुर्वेद, युनानी, सिद्ध आणि योग यांच्या ग्रंथांतील पाठ वेचून, वर्गीकरण करून त्यांची नोंद करण्याचे हे काम दिल्लीत झाले. आज त्यात चार लाखांहून अधिक नोंदी आहेत. मूळ ग्रंथ संस्कृत, हिंदी, अरबी, फारसी, उर्दू आणि तमिळ भाषांतील. त्यांचा आशय उपलब्ध केला आहे तो इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि जपानी या पाच भाषांत. २००९ पासून युरोपच्या आणि नंतर इतर देशांच्या पेटंट कार्यालयांना, गुप्ततेच्या करारावर, ते पाहण्याची मुभा मिळाली. या ग्रंथालयाच्या आधारे अनेक पेटंट-अर्ज नाकारले गेले वा मागे घेतले गेले. बचावाचे हत्यार म्हणून त्याने आपले काम केले आहे.

पण त्या भाषांची यादी पुन्हा वाचून पाहावी. म्युनिकमधील परीक्षकाला अडुळशाचा पाठ जर्मनमध्ये वाचता येतो. टोकियोतील परीक्षकाला तो जपानीत मिळतो. तो मराठीत नाही. गोंडी, भिली, वारली या भाषांचे तर नावच नको. ज्या देशाच्या लोकांचे हे ज्ञान म्हणून सांगितले जाते, त्या लोकांसाठी या ग्रंथालयाचे दार बंद होते. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ते पेटंट कार्यालयांखेरीज इतरांना खुले करण्यास मंजुरी दिली, तीही वर्गणी भरणाऱ्यांसाठी. संशोधक संस्था आणि उद्योग वर्गणी भरतील. वैदूने कोणत्या पैशांतून भरावी?

भाषांतराचा हा एकमार्गी प्रवास जुना आहे. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ मध्ये गोव्यात वनौषधींवरील आपले संवाद छापले. पुढे चारच वर्षांत त्यांचा लॅटिन संक्षेप युरोपात निघाला. नंतरच्या शतकात मलबारच्या डच गव्हर्नराने, व्हान रेडे याने, मलबारच्या वनस्पतींचा १२ खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅम येथे निघाला. या ग्रंथाची एक गोष्ट मात्र अनुकरणीय आहे. माहिती देणारांची नावे त्यात छापली आहेत: मलबारचे वैद्य इट्टी अच्युतन, आणि रंगभट, विनायक पंडित व आपूभट हे तीन कोकणी वैद्य. या तिघांचे नागरी लिपीतील कोकणी निवेदनही त्यात जसेच्या तसे छापलेले आहे. तरीही ग्रंथ लॅटिन भाषेत होता. प्रा. के. एस. मणिलाल यांनी आयुष्यभर खपून त्याचे इंग्रजी भाषांतर केले. ते २००३ मध्ये निघाले आणि मल्याळम आवृत्ती २००८ मध्ये. ज्यांच्याकडून ज्ञान घेतले त्यांच्या भाषेत ते परत यायला पहिल्या खंडापासून ३३० वर्षे लागली!

ज्ञान खुले आहे की नाही, याची कसोटी म्हणूनच सोपी आहे. ज्याच्या तोंडून ते घेतले, त्याला ते वाचता येते काय? त्याच्या मुलीला ते शाळेत शिकता येते काय? नसेल, तर ते खुले झाले नाही. फक्त त्याची जागा बदलली.

कायदा आणि वाटा

ग्रंथातील ज्ञानाबद्दल येथवर झाले. परंतु जंगलातील बहुतेक ज्ञान ग्रंथांत नाहीच. ते सुईणीच्या हातात आणि गुराख्याच्या डोळ्यांत आहे. त्याच्यासाठी जैविक विविधता कायदा, २००२ याने प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही यांची तरतूद केली. या नोंदवहीच्या कल्पनेमागे पुण्याचे पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांचे परिश्रम होते. गावकऱ्यांनी स्वतःच आपल्या परिसरातील सजीवांची, त्यांच्या उपयोगांची आणि त्यांच्या ऱ्हासाची नोंद करावी, हा तिचा आत्मा. पुढे झाले असे की वर्षानुवर्षे हे काम रखडले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालून दंडाची तंबी दिली, तेव्हा एकच धांदल उडाली. मुदतीच्या धाकाने भरलेली वही आणि गावाने बसून लिहिलेली वही यांतील फरक सांगण्यास तज्ज्ञ लागत नाही.

फळाच्या वाटपाचा एक प्रयोग केरळात झाला. १९८७ मध्ये अगस्त्य पर्वतात गेलेल्या शास्त्रज्ञांना काणी आदिवासी वाटाड्यांनी थकवा घालविणारी एक वनस्पती दाखविली. तिच्यापासून तिरुवनंतपुरमच्या वनस्पती-उद्यानाने ‘जीवनी’ हे औषध तयार केले, १९९५ मध्ये ते एका आयुर्वेदिक कंपनीला बनविण्यास दिले आणि मिळणाऱ्या रकमेचा अर्धा वाटा काणींच्या न्यासाला देण्याचे ठरले. जगभर या कराराचे कौतुक झाले. पण खुद्द काणींमध्ये मतभेद होते. हे ज्ञान ज्यांच्याकडे परंपरेने होते त्यांपैकी काहींचे म्हणणे असे, की ते विकण्याची संमती त्यांच्याकडून घेतलीच नव्हती. पैसा पोहोचला तरी विचारणे राहून गेले, तर सहकार्य होत नाही; सौदा होतो.

देशी भांडवल या बाबतीत विदेशी भांडवलाहून निराळे वागत नाही, हेही पुढच्या घटनांनी दाखविले. जैविक साधनांचा व्यापारी वापर करणाऱ्या भारतीय कंपन्यांनीही स्थानिक समूहांना वाटा दिला पाहिजे, असा निकाल उत्तराखंड उच्च न्यायालयाने दिव्य फार्मसीच्या प्रकरणात डिसेंबर २०१८ मध्ये दिला. २०२३ मध्ये संसदेने कायद्यात दुरुस्ती केली आणि ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञानाच्या वापराला वाटा देण्याच्या बंधनातून सूट मिळाली. रानातून मुळी गोळा करून आणणारी बाई कोणता ग्रंथ वाचून गेली होती? ग्रंथातील श्लोक आणि तिचे ज्ञान यांच्यामध्ये रेषा ओढता येते, हे गृहीतच तिच्या श्रमाला अदृश्य करणारे आहे.

या अंधारात एक वाट गडचिरोलीतून दिसते. वनहक्क कायदा, २००६ याने जैवविविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावर समूहाचा बौद्धिक हक्क मान्य केला आहे. मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा याच गावाची. तेथे ग्रामसभा निर्णय घेते, पण त्याआधी अभ्यासगट बसतो. बाहेरचा जाणकार येतो, माहिती देतो, निर्णय मात्र गाव करते. त्याच जिल्ह्यात स्त्रियांच्या झाडांविषयीच्या ज्ञानातून डॉ. राणी बंग यांचे ‘गोईण’ हे मराठी पुस्तक घडले. ज्ञान लिहिले गेले, आणि ते मराठीत लिहिले गेले. खुल्या सहकार्याचे बीज यात आहे.

सामूहिक शोधाचा धडा

औषध शोधणे हे एकट्या प्रतिभावंताचे वा एकट्या कंपनीचेच काम आहे, असे मानणारांनी चीनचा अनुभव अभ्यासावा. व्हिएतनामच्या युद्धात हिवताप बंदुकीपेक्षा अधिक माणसे निकामी करीत होता आणि व्हिएतनामने चीनकडे मदत मागितली. २३ मे १९६७ रोजी सुरू झालेल्या ‘५२३ प्रकल्पा’त साठांहून अधिक संस्थांतील शेकडो शास्त्रज्ञ गुंतले. थू योयो यांच्या गटाने जुने ग्रंथ आणि हयात वैद्य यांच्याकडून दोन हजारांवर पाठ गोळा केले, त्यांतील ६४० निवडून १९६९ मध्ये त्यांची पुस्तिका काढली आणि ती इतर संस्थांनाही दिली. छिंगहाओ या वनस्पतीचा अर्क कधी गुण देई, कधी देत नसे. चौथ्या शतकातील को हुंग या वैद्याने ती पाण्यात भिजवून पिळण्यास सांगितले होते, उकळण्यास नव्हे. यावरून उष्णतेने गुण नष्ट होत असावा हे ध्यानी आले. कमी उष्णतेत इथरने काढलेला अर्क ऑक्टोबर १९७१ मध्ये प्राण्यांतील हिवतापावर पूर्णपणे यशस्वी ठरला. शास्त्रज्ञांनी तो प्रथम स्वतःवर घेऊन पाहिला. १९७७ मध्ये या द्रव्याची रचना प्रसिद्ध झाली ती कोणा व्यक्तीच्या नव्हे, सहकार्य-गटाच्या नावाने. थू योयो यांना नोबेल पुरस्कार मिळाला तो २०१५ मध्ये.

या अनुभवाची आरती ओवाळण्याचे कारण नाही. तो प्रकल्प लष्करी गुप्ततेत चालला, त्यामुळे त्याला खुला म्हणता येणार नाही. व्यक्तींची नावे झाकल्याने श्रेयाचे वाद पुढे दशकानुदशके चालले. चीनमध्ये त्या वेळी पेटंटचा कायदाच नव्हता. पुढे या औषधाच्या संयुक्त गोळीसाठी करार झाला तो बाझेलच्याच सीबा-गायगी कंपनीशी, जी १९९६ मध्ये नोव्हार्टिसमध्ये विलीन झाली. सर्पगंधेची वाट जेथे पोहोचली होती तेथेच ही वाटही पोहोचली. यश सामूहिक श्रमाचे आणि बाजार मक्तेदारांचा, हा अंतर्विरोध शास्त्रज्ञांच्या सद्‌हेतूने मिटत नाही.

भारतातही असा प्रयत्न झाला. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने २००८ मध्ये समीर ब्रह्मचारी यांच्या पुढाकाराने क्षयरोगासाठी खुली औषधशोध मोहीम सुरू केली आणि देशभरच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी क्षयजंतूच्या सुमारे ४,००० जनुकांची माहिती एकमेकांच्या साहाय्याने नव्याने लावली. जिल्ह्याच्या ठिकाणचा विद्यार्थीही शोधाचा भागीदार होऊ शकतो, हे त्यातून दिसले.

प्रश्न विचारण्याची मोकळीक

खुलेपणाची आणखी एक बाजू आहे आणि ती गैरसोयीची असली तरी टाळता येणार नाही. सांगण्याची मोकळीक असेल, तर तपासण्याचीही असली पाहिजे. प्रारंभी उल्लेखिलेल्या गुळवेलीकडे पुन्हा वळू. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईतील डॉक्टरांना गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांत यकृताला इजा आढळली. २०२१ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली, की वनस्पतीची ओळख नीट पटविलेली नाही, सारखी दिसणारी दुसरी वेल असू शकेल. २०२२ मध्ये देशातील १३ केंद्रांच्या एकत्रित अभ्यासाने अशा ४३ रुग्णांची माहिती पुढे आणली.

गुळवेल वाईट, असा याचा अर्थ कोणी लावू नये. आणि आपल्या परंपरेवर हल्ला झाला, अशी ओरडही करू नये. ओळखीची शंका खरीच आहे. महाराष्ट्रात ब्राह्मी म्हणून एक वनस्पती चालते, दुसरीकडे दुसरी. शंखपुष्पी या एका नावाखाली निदान चार वेगवेगळ्या वनस्पती विकल्या जातात. दिल्लीच्या खारी बावलीत पोत्यात भरून आलेली मुळी कोणत्या रानातली, हे दुकानदारालाही सांगता येईलच असे नाही. हा घोळ मिटवायचा तर वैदूचा डोळा, वनस्पतिशास्त्राच्या अध्यापकाचा नमुनासंग्रह आणि डॉक्टरची रुग्णनोंद यांना एका टेबलाभोवती बसावे लागेल. त्रिलोकपुरीच्या बाईला चुकीची वेल मिळाली तर तिच्याजवळ दुसऱ्या डॉक्टरकडे जाण्याचे पैसे नसतात. म्हणून तपासणीची गरज तिला सर्वांत अधिक आहे. आणि येथे आणखी एका धोक्याबद्दल सावध राहावे लागेल. झाडपाल्याच्या गौरवाआडून प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर आणि गोळ्या काढून घेतल्या जात असतील, तर तो गौरव गरिबांना महागात पडेल.

कार्यकर्त्यांपुढील काम

या विवेचनातून काही निश्चित कामे निघतात. किसान सभा, शिक्षक, विद्यार्थी, स्त्रिया आणि आदिवासी यांच्या संघटनांत काम करणारांनी ती आपापल्या परिसराप्रमाणे हाती घ्यावीत.

पहिले काम नोंदवहीचे. आपल्या गावची लोकजैवविविधता नोंदवही आहे काय, ती कोणी भरली, ग्रामसभेपुढे वाचली गेली काय, हे विचारावे. नसेल तर वाचून घ्यावी; चुकीची असेल तर दुरुस्त करून घ्यावी.

दुसरे काम नावाचे. माहिती देणाराचे नाव, गाव आणि संमती यांशिवाय एकही नोंद होता कामा नये. साडेतीनशे वर्षांपूर्वी वसाहतवादी गव्हर्नराला जे सुचले ते लोकशाही प्रजासत्ताकाला सुचू नये, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. आणि ज्याला सांगायचे नाही, त्याचा न सांगण्याचा हक्कही मान्य केला पाहिजे. आज गप्प बसणारा माणूस उद्या विश्वास बसला तर बोलेल. दडपणाने बोलविलेला पुन्हा बोलणार नाही.

तिसरे काम भाषेचे. पारंपरिक ज्ञानाचे ग्रंथालय मराठीसह सर्व भारतीय भाषांत यावे आणि ग्रामसभांना, शाळांना, सार्वजनिक वाचनालयांना ते विनामूल्य मिळावे, ही मागणी लावून धरावी. ज्यांच्या करांतून ते उभे राहिले, त्यांनी ते वाचण्यासाठी पुन्हा पैसे मोजावेत हे न्यायाला धरून नाही.

चौथे काम तपासणीचे. गुण आला त्याची नोंद, आणि गुण आला नाही किंवा अपाय झाला त्याचीही नोंद, दोन्ही सारख्याच प्रामाणिकपणे व्हाव्यात. जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या अध्यापकांशी आणि शासकीय दवाखान्याशी त्यासाठी संबंध जोडावा.

पाचवे काम वाट्याचे. २०२३ च्या दुरुस्तीने दिलेली सूट काढून घ्यावी, आणि वनोपज गोळा करणाराला ग्रामसभेमार्फत रास्त भाव व नफ्यातील वाटा मिळावा, यासाठी संघटित दबाव निर्माण करावा. हे काम झाले नाही तर वरील चारही कामांचे फळ खारी बावलीच्या घाऊक व्यापाऱ्याच्या किंवा बड्या कारखानदाराच्या पदरात पडेल.

मित्रहो, झोळी घेऊन दारात उभी असलेली वैदू बाई चूक बोलत होती काय? औषधापुरते पाहिले तर होय. हळदीचा गुण ३२ संदर्भांनी उणा झाला नाही, सर्पगंधेचा गुण निबंधाने गेला नाही. पण स्वतःपुरते ती खरेच बोलत होती. सांगणाराचे नाव पुसणारी आणि त्याचा घास काढून घेणारी व्यवस्था तिने पुस्तकात वाचली नव्हती, दारोदार भोगली होती. ज्ञान सर्वांचे व्हावे असे वाटणारांनी तिला उपदेश करीत बसू नये. तिने मोकळेपणाने सांगावे आणि सांगितल्यावरही तिची चूल पेटती राहावी, अशी परिस्थिती निर्माण करावी. ती झाली म्हणजे तिने न सांगितलेल्या झाडाचे नाव विचारण्याचा अधिकार समाजाला येईल. आणि ते ती आपण होऊन सांगेल.